रमी न येणारे वकील

देवरे आबांच्या शोकसभेत एक ज्येष्ठ वकील उभे राहिले आणि म्हणाले, "कैलासवासी देवरे हे अत्यंत मितभाषी आणि मृदू स्वभावाचे गृहस्थ होते." मी बार रूममध्ये मागच्या बाकावर होते. शेजारी मधू पगार बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि दोघांनी लगेच माना खाली घातल्या. शोकसभेत हसलं की लोक लक्षात ठेवतात.

"ताई," मधू कुजबुजला, "आपण दुसऱ्याच कुणाच्या सभेला तर नाही ना आलो?"

नव्हतो आलो. टेबलावरचा फोटो आबांचाच होता. फोटोतसुद्धा ते फोटोग्राफरच्या एखाद्या प्रश्नाला हरकत घेत असल्यासारखे दिसत होते.

म्हणून हे लिहितेय. माणूस गेला की त्याच्यावर गुणांचे थर चढवून तो ओळखू येणार नाही असा करून टाकायचा, ही आपल्याकडची रीत मला मान्य नाही. आबा मितभाषी नव्हते. कोर्टाच्या जिन्यावर आधी त्यांचा आवाज यायचा, मग कोथिंबिरीचा वास आणि शेवटी आबा. आणि मृदू? त्यांच्या मृदू स्वभावाचा अनुभव आलेला पक्षकार अजून मला भेटायचाय.

दिसायला बुटके. काळा कोट इतका जुना की उन्हात हिरवट दिसायचा. त्याचं एक बटण शर्टाचं होतं, शाईने काळं केलेलं, आणि पावसाळ्यात ते पुन्हा पांढरं व्हायचं. चष्मा दोरीने गळ्यात. ऑफिस नाशकात, सीबीएस बसस्टँडजवळ, एका चष्म्याच्याच दुकानाच्या वर, पण स्वतःच्या चष्म्याची तुटलेली काडी त्यांनी कधी बदलली नाही. "खालचा गिऱ्हाईक बघून भाव सांगतो," म्हणायचे, "आणि मी गिऱ्हाईक दिसत नाही."

मूळचे सटाण्याकडचे. कोर्टात मराठी अगदी इस्त्रीची. पण राग आला किंवा फार आनंद झाला की अहिराणी बाहेर पडायची. त्यामुळे ऐकणाऱ्याला एक सोय होती. अहिराणी सुरू झाली की समजायचं, आता हा माणूस वकील म्हणून बोलत नाहीये.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती पत्रक घेऊन. आमची संघटना म्हणजे आम्ही मूठभर पोरंपोरी आणि एक भाड्याचा लाउडस्पीकर. विषय होता मोबाईलवरची ती ॲप्स, ज्यात खऱ्या मॅचमधले खेळाडू निवडून आपली टीम लावायची, पैसे भरायचे आणि खेळाडू कसे खेळतात त्यावर हरायचं किंवा जिंकायचं. आमच्या कॉलनीच्या मैदानावर संध्याकाळी नेट प्रॅक्टिस चालायची. हळूहळू बॉल टाकायला पोरगा मिळेनासा झाला, कारण सगळे बाउंड्रीवर बसून टीम लावत होते. स्वतःला सरळ बॉल टाकता येत नाही अशी पोरं दुसऱ्या देशातला कोणता बॉलर आज विकेट घेईल यावर पैसे लावत होती, आणि मोठमोठे खेळाडू जाहिरातीत येऊन त्यांना शाबासकी देत होते. माझं डोकं सटकलं. मी पत्रक लिहिलं. नुसत्या शीर्षकाला तीन उद्गारचिन्हं होती.

कोर्टात अर्ज करायचा तर वकील हवा, आणि जुगाराच्या केसेस म्हटलं की नाशकात सगळे एकच नाव सांगायचे. आबांनी पत्रक घेतलं, लाल पेन काढलं आणि बराच वेळ वाचत बसले. मला वाटलं, भारावले. पत्रक परत आलं तेव्हा त्यातलं एकूण एक उद्गारचिन्ह खोडलेलं होतं. बाकी मजकुराला हातही लावला नव्हता.

"उद्गारचिन्ह हा पुरावा नसतो, पत्रकबाई," ते म्हणाले. "ओरडायचंच असेल तर रविवार कारंजाच्या चौकात उभी राहा. इथे आलीस तर आधी सांग, प्रश्न काय आहे?"

"ही ॲप्स जुगार आहेत की नाहीत, हा."

"याचं उत्तर शोधायला निघालीस तू. हा प्रश्न तरी बरोबर आहे का, ते बघितलंस?"

मी उठून जाणार होते. पण तेवढ्यात त्यांनी डबा उघडला आणि माझ्यापुढे कोथिंबिरीची वडी धरली. मी भुकेली होते. माझी त्यांच्याकडची ये-जा तिथे सुरू झाली, आणि पत्रकबाई हे नाव मला कायमचं चिकटलं.

आबांचा धंदा कळायला कायद्यातलं एकच वाक्य पुरतं. पैसे लावून खेळलेला खेळ जुगार, पण ज्या खेळात नशिबापेक्षा कौशल्य जास्त लागतं तो जुगार नव्हे. या एका वाक्यावर आबांनी उभं आयुष्य काढलं. दुपारच्या सुट्टीत पानं वाटून बसलेले हमाल, स्टँडवरचे रिक्षावाले, मंगल कार्यालयाच्या मागे पंगत उठायची वाट बघत बसलेले आचारी. यांच्यावर धाड पडली की हे पोचायचे आणि सांगायचे की रमीला डोकं लागतं, स्मरणशक्ती लागते, ही माणसं विचार करत होती आणि विचार करणं अजून गुन्हा झालेला नाही.

पुढे हेच वाक्य ॲपवाल्यांनी उचललं. मोठ्या कोर्टांत मोठे वकील उभे राहून म्हणायला लागले की टीम निवडायला अभ्यास लागतो, खेळाडूचा फॉर्म, खेळपट्टी, हवामान. हे कौशल्य आहे, सबब जुगार नाही. आबा पेपरात वाचून मोठ्याने हसायचे. "माझंच भाषण आहे. फक्त त्यांना ऐकायला लोक विमानाने येतात."

आता मधू पगारबद्दल सांगायला हवं. मधूचं दुकान पोलीस ठाण्यासमोर. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि पत्त्यांचे कॅट. कुठेही धाड टाकायची तर पंच म्हणून दोन तटस्थ नागरिक बरोबर न्यावे लागतात, आणि पोलिसांना सगळ्यात जवळ सापडणारा तटस्थ नागरिक म्हणजे मधू. दुकानाला कुलूप लावून तो जीपमध्ये बसायचा. कित्येकदा जप्त झालेला कॅट त्याच्याच दुकानातला असायचा. म्हणजे विकायचा पण हा आणि जप्तीवर सही करायचा पण हाच. इतकी संपूर्ण सेवा मी दुसऱ्या कुठल्याच व्यवसायात बघितली नाही.

रिक्षावाल्यांच्या एका केसमध्ये आबांनी त्याची उलटतपासणी घेतली. तेव्हा मी कोर्टात मागे बसले होते.

"आरोपी काय करत होते?"

"जुगार खेळत होते."

"जुगार हे खेळाचं नाव आहे? म्हणजे क्रिकेट, कबड्डी, जुगार?"

"रमी, साहेब."

"रमीच कशावरून?"

"मला येते ना."

"अच्छा. बरी येते?"

इथे सरकारी वकील खोकले. पण मधूची छाती भरून आली होती. "साहेब, आमच्या आळीत माझ्याबरोबर कुणी बसत नाही."

"का बरं? तुमच्या अंगाला वास येतो?"

"मी हरत नाही म्हणून."

"नशीबवान आहात."

"नशीब कसलं साहेब? डोकं लागतं. समोरच्यानं काय टाकलं, काय उचललं, सगळं ध्यानात ठेवावं लागतं. नशिबावर खेळणारा..."

"बस," आबा म्हणाले. "सरकार पक्षाच्या साक्षीदाराचा मी आभारी आहे."

रिक्षावाले सुटले. बाहेर आल्यावर मधू आबांच्या मागे धावला. "आबा, तुम्ही मला गंडवलं."

"मी? अरे, तुझं कौशल्य मी कोर्टाच्या रेकॉर्डवर आणलं. तुझ्या बायकोने तरी कधी मान्य केलं होतं का?"

त्या दिवशी परतताना मी आबांना विचारलं, की तुमची रमी कशी आहे. ते जिन्यात थांबले. इकडेतिकडे बघितलं.

"मला पत्ते येत नाहीत."

"काय?"

"खुनाच्या केसेस चालवणाऱ्याला विचारतेस का, तुम्ही किती केले म्हणून?" आणि खाली उतरताना पुन्हा वळून: "हे पत्रकात छापू नकोस."

तेवढं एक मी ऐकलं. आता छापते.

पोपटभाऊंची केस मी यायच्या आधीपासूनच चालू होती. पोपटभाऊ निफाडकडचे, भाजी मार्केटमध्ये हमाल. दुपारी लिलाव संपला की शेडमध्ये गोणपाटावर बसून चौघं रमी खेळायचे. जो हरेल त्याने सगळ्यांच्या चहाचे आणि वर थोडे पैसे द्यायचे. धाड पडली. बाकीच्या तिघांनी गुन्हा कबूल करून दंड भरला आणि कामाला लागले, कारण ते रोजंदारीवर बोलावले तर येणारे होते. पोपटभाऊंना ते परवडणारं नव्हतं. त्यांच्याकडे हमालीचा परवाना होता आणि दंडावर पितळी बिल्ला. जुगाराचा गुन्हा शाबीत झाला की परवाना रद्द, बिल्ला परत, असं त्यांना कळवण्यात आलं होतं. वडील तोच बिल्ला लावून राबले होते. पोपटभाऊ तो बिल्ला झोपतानाही काढत नसत, असं त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं. रागाने सांगितलं, कारण तो टोचतो.

प्रत्येक तारखेला पोपटभाऊ कोथिंबिरीची एक थोरली जुडी घेऊन यायचे. "आबा, गावठी हाय. लय वास हाय तिला." आबांच्या घरी, गंगापूर रोडला, त्यांच्या बायकोने, म्हणजे माईंनी, तिच्या वड्या करायच्या, त्या डब्यातून ऑफिसला यायच्या आणि मी खायच्या. माई एकदा फोनवर म्हणाल्या होत्या, "त्या माणसाला लवकर सोडवा हो. आता मला स्वप्नातसुद्धा हिरवं दिसतं."

आमच्या अर्जाला आधार म्हणून आम्ही एक जाहीर सभा ठरवली. मुख्य वक्ते ॲडव्होकेट देवरे. मी त्यांना सांगितलं की तुम्ही फक्त एवढंच म्हणा, ही ॲप्स म्हणजे निव्वळ नशिबाचा खेळ आहे. जुगाराचे सगळ्यात जुने वकीलच असं म्हणाले तर वजन पडेल.

"नाही म्हणणार," आबा म्हणाले.

"का?"

"मी सभेत म्हणायचं की नशीब, आणि पुढच्या तारखेला पोपटसाठी म्हणायचं की कौशल्य. सरकारी वकिलाला पेपर वाचता येतो."

"इथे एवढ्या मुलांचं नुकसान होतंय आणि तुम्ही एका हमालाच्या बिल्ल्याचं काय घेऊन बसलात?"

मी हे असंच बोलले. आबांनी चष्मा गळ्यात सोडला. आवाज अजिबात चढला नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली.

"तुन्ही ती एवढी मुलं मना ऑफिसमा येवाव नहीत, पत्रकबाई. पोपट येस."

पण सभेला येतो म्हणाले. म्हणाले, आधी मला तो खेळ दाखव. मी फोनवर ॲप उघडलं. आबांना क्रिकेटमधलं काही म्हणता काही कळत नव्हतं. नाशकात राहून, पुरुष असून आणि वकील असून हे त्यांनी कसं जमवलं कोण जाणे.

"अकरा जण निवडायचे. त्यातला एक कप्तान करायचा."

"बरं. मग मी काय करायचं?"

"मॅच बघायची."

"आणि माझं कौशल्य?"

"ते निवडण्यात संपलं."

"म्हणजे लग्न ठरवून दिलेल्या मध्यस्थासारखं. नंतर नुसतं मांडवात बसायचं."

त्यांनी फोटो बघून खेळाडू निवडले. एकाला कप्तान केलं, कारण तो शांत दिसत होता आणि त्याचे कान त्यांच्या मेहुण्यासारखे होते. पैसे मी भरू दिले नाहीत, फुकटची टीम लावली. मॅच सुरू व्हायच्या आधी धावपळ करताना त्या शांत पोराचा पाय मुरगळला आणि त्याला उचलून आत नेलं.

आबा एकदम सरसावून बसले. "आता? याला अपील कुठे करायचं?"

"अपील नसतं, आबा."

"हाई काय शे?" ते ओरडले. "फाशीच्या कैद्यालाही अपील असतं."

मग त्यांनी ॲपच्या जाहिराती बघायला सुरुवात केली. खेळाडूंकडे त्यांचं लक्ष नव्हतं. जाहिरातीच्या शेवटी एक माणूस एका दमात काहीतरी पुटपुटतो ना, गाडी सुटत असल्यासारखं? आबांनी ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं आणि पाठ केलं.

सभा भरली. आमच्या अपेक्षेपेक्षा लोक जास्त, खुर्च्या कमी. आबा उभे राहिले, घसा साफ केला आणि मंगलाष्टकांच्या चालीवर, अगदी सावकाश, शब्द सुटा करत म्हणाले, "या... खेळात... आर्थिक... जोखीम... आहे. याची... सवय... लागू... शकते. कृपया... जबाबदारीने... खेळा." लोक हसले. आबांनी हसू दिलं. मग म्हणाले, "जे वाक्य इतकं महत्त्वाचं आहे ते इतक्या घाईत का म्हणतात? जी गोष्ट मालकाला आवडते ती तो हळू सांगतो. लग्नात आहेर कुणी किती दिला ते कसं ठासून वाचतात."

मी खूष. पण पुढच्या वाक्यापर्यंतच.

"आता हे ॲपवाले म्हणतात, आमच्या खेळाला कौशल्य लागतं. मी म्हणतो, लागत असेल. मान्य."

माझा सहकारी माझ्या कानात म्हणाला, "हे आपल्या बाजूचे ना?"

"पाकीट मारायलाही कौशल्य लागतं," आबा पुढे म्हणाले. "म्हणून आपण त्याचे क्लास काढत नाही. कौशल्य की नशीब हा प्रश्नच आता या ॲपला पुरत नाही. तो प्रश्न गोणपाटावर बसलेल्या चार माणसांसाठी होता. गोणपाटावर आज एकाचा पैसा दुसऱ्याकडे जातो, उद्या परत येतो, आणि चहा सगळे पितात. तिथे बसलेला प्रत्येक जण हरू शकतो. इथे एक जण असा आहे की तो कधीच हरत नाही. तो खेळतच नाही. तो प्रत्येक डावात आपला वाटा कापून घेतो आणि तुम्हाला सांगतो, वा, काय कौशल्य आहे तुमचं. त्याच्याबद्दल विचारा. पोरं हुशार आहेत की दैववादी, हे नका विचारू."

टाळ्या पडल्या, पण त्या पाकीटमाराला पडल्या. बाकीचं किती जणांना कळलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा होता की फँटसी खेळात कौशल्य लागते हे ज्येष्ठ वकिलाला मान्य. संध्याकाळपर्यंत तो मथळा ॲप खेळणाऱ्या पोरांच्या सगळ्या ग्रुपवर फिरत होता, खाली अंगठे आणि टाळ्या. आमच्याच सभेतून आमच्या विरोधकांना त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात स्वस्त जाहिरात मिळाली होती.

मी ऑफिसात गेले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. आबा ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "बोलताना मध्ये कुठेकुठे उद्गारचिन्ह होतं, ते ऐकू आलं मला."

मी महिनाभर तिकडे फिरकले नाही. वड्यांची आठवण यायची. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

मग दिल्लीत कायदा झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. आणि त्यात स्पष्ट म्हटलेलं, खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो किंवा दोन्हींचा, फरक पडत नाही. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला तो हॉल आठवला. कौशल्य की नशीब हा प्रश्नच या ॲपला पुरत नाही. म्हातारा हेच तर म्हणाला होता. मी पेढे घेऊन गेले. माफी वगैरे मागायला नाही, पेढे द्यायला.

आबांनी पेढा घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

"काय झालं? तुम्ही म्हणालात तसंच झालं की."

"झालं. चांगलं झालं. कंपन्या आता कोर्टात जातील, त्यांचे मोठे वकील भांडतील, मजा येईल." मग पेढ्याकडे बघत म्हणाले, "पण कायदा विमानाला अडवायला केला तरी चेकनाक्यावर सायकलवालाच आधी थांबवला जातो. बघ तू. हा पोपटवर येणार."

आला. पुढच्याच तारखेला आला.

त्या दिवशी कोर्टात मॅजिस्ट्रेट मॅडम होत्या, सरकारी वकील होते, आणि पिंजऱ्याजवळ पोपटभाऊ, दंडावर बिल्ला चकचकीत घासलेला. आधी मधूची साक्ष झाली. या खेपेला तो तयारीने आला होता.

"रमी मला येत नाही," प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला.

आबांनी भुवया उचलल्या. "मागे याच कोर्टात येत होती."

"विसरलो."

"रमी विसरता येते?"

"वयामुळं, आबा... साहेब."

"अरेरे. मग हे रमी खेळत होते, बदाम सत्ती खेळत होते, की नुसते पत्त्यांनी वारा घेत होते, हे आता तुम्ही सांगू शकणार नाही."

मधूने सरकारी वकिलांकडे बघितलं. सरकारी वकिलांनी पंख्याकडे बघितलं.

युक्तिवादात मात्र सरकारी वकील जोरात होते. ते म्हणाले की आरोपीचा सगळा बचाव कौशल्यावर उभा आहे, आणि आता देशाच्या नव्या कायद्यानेच कौशल्य आणि नशीब हा भेद मोडीत काढला आहे. आबांच्या सभेची ती बातमीही त्यांनी आणली होती. विद्वान वकील स्वतःच जाहीरपणे म्हणाले आहेत की हा प्रश्न आता पुरत नाही. पोपटभाऊंना सगळं कळत नव्हतं, पण आपल्या वकिलाचं बोलणं आपल्यावरच उलटवलं जातंय एवढं कळलं. त्यांचा डावा हात आपोआप बिल्ल्यावर गेला आणि तिथेच राहिला.

आबा उठले. आधी म्हणाले की ही धाड पडली तेव्हा हा नवा कायदा जन्मलाही नव्हता. मग म्हणाले की बातमी अर्धी आहे, मी ॲपबद्दल बोललो होतो आणि त्याच दमात गोणपाटाबद्दलही बोललो होतो. मग त्यांनी मुद्देमालातला पत्त्यांचा कॅट मागून घेतला. तो वर धरला, उलटा केला, कडेने न्याहाळला, कानाजवळ नेऊन हलवला.

"मॅडम, नवा कायदा ऑनलाइन खेळांसाठी आहे. सरकारी वकिलांचं म्हणणं, तो या कॅटलाही लागू होतो. माझी एवढीच विनंती आहे, याला चार्जर कुठे लावतात ते त्यांनी कोर्टाला दाखवावं."

मॅडमनी टेबलावरचा कागद तोंडापुढे धरला. बराच वेळ धरला. मधू साक्षीदारांच्या बाकावर खांदे हलवत होता.

निकाल नंतरच्या तारखेला लागला. पोपटभाऊ निर्दोष. ते ऐकून ते हललेच नाहीत. आबांनी कोपराने ढोसलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हंजी बिल्ला राहिला?"

"राहिला."

"कायमचा?"

"तू पुन्हा शेडमध्ये बसला नाहीस तर."

"नाय बसत, आबा. आईच्यान नाय बसत." मग थोडं थांबून, "बिनपैशाचं बसलं तर चालंल?"

बिनपैशाचं बसणं त्याच दिवशी झालं. कोर्टाच्या आवारात कडुलिंबाखाली एक सिमेंटचा बाक आहे. मधूने दुकानातून नवा कॅट आणला, म्हणाला, आबा, तुमच्याकडून आयुष्यभर मार खाल्ला, एकदा तरी बसा माझ्यासमोर. आबा नको नको म्हणत बसले. आधी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, कारण चहा नंतर प्यायला तर तो पणाला लावला असं होईल. पोपटभाऊ त्यांना शिकवत होते. मी झाडाला टेकून उभी होते आणि पोपटभाऊंनी आणलेली शेवटची जुडी माझ्या हातात होती.

आबांनी पानं जशी उलगडून धरली, तशी कुणी धरू नयेत. सगळ्यांना सगळं दिसत होतं.

"आबा, पानं छातीशी धरा. आम्हाला दिसत्यात."

"मला लपवायचं काय आहे?"

"अहो, खेळच तो हाय."

मधूने दोनदा डाव लावला. पोपटभाऊंनी एकदा. आबांना हवं ते पान येईना, आणि नको ते सोडवेना. चष्मा वर गेला, खाली आला. कपाळावर आठ्या चढल्या. तिसऱ्यांदा मधूने पानं खाली मांडली तेव्हा आबांनी मांडीवर हात मारला आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"यामा काय डोकं लागस? निव्वळ नशीब शे!"

उद्गारचिन्ह माझं नाही. त्यांचंच आहे.

मधू आ वासून बघत राहिला. पोपटभाऊंचा हात बिल्ल्यावर गेला आणि ते आबांच्या जवळ सरकून, इकडेतिकडे बघत कळवळून म्हणाले, "आबा, हळू. सरकारी वकील अजून आत हाय."

आबांनी पटकन हातातला पत्त्यांचा पंखा तोंडापुढे धरला. पानांच्या वर फक्त त्यांचे डोळे दिसत होते, काडी तुटलेल्या चष्म्याआड, कोर्टाच्या दाराकडे लागलेले. दारातून कुणी आलं नाही. तरी ते डोळे हसत होते आणि पानं काही खाली येत नव्हती.

मला रिक्षा मिळाली, मी निघाले. मागे वळून बघितलं तेव्हाही ते तसेच बसले होते.